दाजींचा पाणघोडा

आमच्या दाजींना माणूस भेटला की आधी त्याचा जबडा दिसायचा. नाव, गाव, नोकरी सगळं नंतर. आमचे हे मला बघायला आले होते, तेव्हा बाबांनी धंदापाणी विचारलं, आईने गोत्र विचारलं, आणि मग घरचे मोठे जावई म्हणून सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "दाढा भक्कम आहेत. खालचा जबडा जरा पुढे आहे, म्हणजे हट्टी निघेल. पण द्या पोरगी." हट्टाचं त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बऱ्हाणपुरातल्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर. लालबागेत आमच्यापासून तिसऱ्या दारात राहायचे. ताई लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही, आणि दोन्ही वेळचा त्यांचा डबा आमच्या घरून जायचा. त्यामुळे त्यांना फाडफाड बोलायचा हक्क मला आपोआप मिळाला होता, आणि तो मी भरपूर वापरला.

बोलण्यासारखं ते करायचेही. एकदा तापीच्या वाळूत मेलेली म्हैस पडली होती. गाव नाक दाबून दुसऱ्या वाटेने जात होतं आणि आमचे दाजी तोंडाला उपरणं बांधून, छत्री उघडून, तीन दिवस तिच्यासमोर बसून चित्रं काढत होते. पहिल्या दिवशी कातडं, दुसऱ्या दिवशी मांस, तिसऱ्या दिवशी गिधाडांनी साफ केलेल्या फासळ्या. घरी आले ते वासासकट. मी डबा उंबऱ्याबाहेरच ठेवला आणि म्हटलं, "दाजी, काही लाजबीज?" तर म्हणतात, "शालू, गिधाडं फार व्यवस्थित काम करतात गं. मला एवढं जमलं नसतं."

त्यांचं वेड असं, की एखाद्या हाडावरून अख्खं जनावर उभं करायचं. तेही आजचं नव्हे. लाखो वर्षांपूर्वी होतं आणि आता नाही, असं. कुठून तरी एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, त्यातली चित्रं बघून बघून पानं मऊ झाली होती. स्नायू जिथे चिकटतो तिथे हाडावर ओरखडे राहतात, ओरखडे किती खोल, त्यावरून मांस किती, मांसावरून कातडं. सोंड, कान, आयाळ मनाने लावायची नाही. कशाबद्दलही विचारलं तरी त्यांचं एकच, "हाडाला विचारू." माझ्या सासूबाईंचा गुडघा दुखला तरी "हाडाला विचारू," आणि शाळेत हेडमास्तरांनी सुट्टी नाकारली तरी बाहेर येऊन तेच.

लग्नानंतर ताईला घेऊन ते मुंबईला गेले होते. ताई हसून हसून सांगायची, "समुद्र बघायला म्हणून नेलं, आणि दोन दिवस प्राण्यांच्या बागेत पाणघोड्यासमोर उभं केलं. मी समुद्र पाहिलाच नाही!" ती असं सांगायला लागली की दाजी मान खाली घालून तिच्याचकडे चोरून बघत असायचे.

आणि मग जवळच्या फोपनार गावात पाटलाची विहीर खणताना हाड निघालं.

केळीच्या बागेसाठी विहीर चालली होती. खोल खाली वाळू-गोट्यांचा थर लागला, त्यात दगडासारखा जड झालेला जबडा, पुढे दोन सुळे. मजूर वर पळाले. त्याच संध्याकाळी विहिरीला पाणी लागलं. मग काय! पाटलाच्या म्हाताऱ्या आईने जबडा धुऊन विहिरीच्या काठी लिंबाखाली ठेवला, कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला, आणि त्या जबड्याचे विहीरबाबा झाले.

दाजींना कळायचा अवकाश, सायकल काढून निघाले. परत आले तर चेहरा असा, की मला वाटलं लॉटरीच लागली. "शालू, पाणघोडा! आपल्या तापीकाठी पाणघोडे होते!"

"बरं मग?" मी म्हटलं. "जेवून घ्या."

जेवले नाहीत. रात्रीच अर्ज लिहायला बसले. तापीच्या खोऱ्यात हे जनावर होतं, जबड्यावरून मी त्याचं रूप उभं करतो, सरकारने कोणा जाणकाराला पाठवून ते तपासावं आणि बरोबर असेल तर तसं एक ओळ लिहून द्यावं. त्या एका ओळीसाठी त्या माणसाने दोन वर्षं जीव टाकला. दिवस तेव्हा नव्या राज्याच्या धामधुमीचे. बऱ्हाणपूर हिंदी मुलखात राहणार की मराठी मुलखात जाणार, यावर पानाच्या ठेल्यावर रोज हातघाई. आमची राजधानी तेव्हा नागपूर, म्हणून दाजींनी अर्ज तिकडे पाठवला. उत्तर आलं, अमुक कागद जोडा. कागद जोडला, तोवर नागपूर आपल्या राज्यातून जायला निघालं होतं. अर्ज परत; भोपाळला विचारा. भोपाळला कचेऱ्यांची टेबलं अजून लावून व्हायची होती. आमचे हे म्हणाले, "दाजी, राज्यं बदलून राहिली आणि तुम्ही पाणघोड्याचं काय घेऊन बसले?" दाजी म्हणाले, "त्याला मरून लाखो वर्षं झाली, आणखी चार महिने थांबेल तो," आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज लिहिला.

जबडा मात्र पाटलाची आई देईना. देव कोण देतं? म्हणून दाजी दर रविवारी सायकलने फोपनारला जायचे, चपला काढायचे, नमस्कार करायचे आणि लोहाराकडून करून घेतलेल्या बाकदार कंपासाने विहीरबाबांची मापं घ्यायचे. वहीत लिहायचे, घरी येऊन चित्रात भरायचे. आणि एक नवल घडायला लागलं. जनावर वाढायला लागलं! श्रावणात जबडा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड भरला, भाद्रपदात चार सूत. सुळे तर मनगटाएवढे झाले. दाजींनी मापं पुन्हा पुन्हा घेतली. "पहिल्यांदा माझा हात चुकला असेल," म्हणाले. आधी त्यांना ती मादी वाटली होती, आता म्हणाले, "नर आहे, आणि जगात कुठे सापडला नसेल एवढा." सांगाड्यासाठी जास्तीचे बांबू आणले. भोपाळला आणखी एक पत्र गेलं.

दसऱ्यानंतर एकदा मी केळी आणायला म्हणून त्यांच्याबरोबर गेले. मीही विहीरबाबांना हात लावला, नमस्कार केला, आणि बोट बघते तर लालभडक. नखाने जरा खरवडलं तर आत आणखी लाल. दर शनिवारी म्हातारी तेलात शेंदूर कालवून बाबांना लेप देत होती!

"अहो दाजी," मी म्हटलं, "तुमचा पाणघोडा शेंदराने फुगून राहिला!"

दाजी विहिरीच्या काठावर मटकन बसले. मला इतकं हसू आलं, की केळीचा घड हातातून सुटला. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू थांबलं. भोपाळला पत्र गेलेलं होतं. जगातला सगळ्यात मोठा म्हणून.

दुसरा कोणी असता तर पांघरूण घेऊन झोपला असता. दाजींनी घरी येऊन सगळी चित्रं फाडली, भोपाळला चूक कळवणारं पत्र लिहिलं, आणि पहिल्या रविवारची वही काढली. त्या दिवशी नुसतं कुंकवाचं बोट होतं. सुळे बारीक लिहिलेले. "मादीच होती," म्हणाले. "मी उगाच तिला नर करून बसलो. पण त्या दिवशी घाईत तीनच मापं घेतली. आता खोळ उतरल्याशिवाय गत नाही."

शेंदराची खोळ काढायची म्हणजे सोपं का? पाटलाची आई म्हणाली, "देवाची खोळ आपुन काढत नाही रे भाऊ. ती आपोआप पडते. मारुतीची माह्या आज्याच्या टायमाले पडली होती." दाजींनी हात जोडले. मीही मध्ये पडले. म्हातारी ढिम्म. शेवटी दाजी रडकुंडीला येऊन म्हणाले, "आई, ती आतमध्ये खरी कशी आहे, तेवढंच बघायचं आहे हो."

"ती?" म्हातारी दचकली. "ती कोण?"

"मादी आहे आई. बाबा नाही."

म्हातारीने दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "अगं बाई! मले आधी नाही का सांगायचं? सहा महिने बाईमाणसाले बाबा म्हणून राहिली मी!" आणि उठलीच. ऊन पाणी आणलं, स्वतःच्या हाताने खोळ सोडवली, तापीत सोडायला वेगळी ठेवली, जबडा दुधाने धुतला. हळदकुंकू लावायच्या आधी दाजींना म्हणाली, "घे तुले काय मोजायचं ते. पण लवकर. बाईमाणसाले असं उघडं ठेवू नये." दाजींनी एकवीस मापं घेतली. मग म्हातारीने खणानारळाने ओटी भरली आणि विहीरबाबांची विहीरआई झाली.

पुढचं वर्षभर शाळेच्या मागच्या पडवीत काम चाललं. नेपानगरच्या गिरणीत दाजींचा एक जुना विद्यार्थी होता, तो वाया गेलेल्या कागदाची पोती पाठवायचा. कागद भिजवून, कुटून, मेथी आणि डिंक घालून लगदा. बांबूच्या सांगाड्यावर लगद्याचे स्नायू, स्नायूंवर कातडं. एक एक स्नायू जागच्या जागी, वरून दिसणार नव्हता तरी. नव्या राज्याच्या पहिल्या वाढदिवसाला शाळेत प्रदर्शन भरणार होतं. हेडमास्तर येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मास्तर, एवढं केलंच आहे तर सोंड लावा की. पाहुण्यांना हत्ती म्हणून दाखवू, हार घालता येईल." दाजी म्हणाले, "हाडात सोंड नाही." हेडमास्तरांनी दटावलं, मग चुचकारलं. दाजी तेच. शेवटी सोंडेविना प्रदर्शनात जागा मिळाली, ती अगदी कोपऱ्यात.

आणि काय योग बघा, भोपाळहून एक साहेब खरंच आले. जुन्या हाडांतले जाणकार. सकाळी फोपनारला जाऊन विहीरआई बघून आले होते. दुपारी शाळेत आले. मीही गेले होते, नवं लुगडं नेसून. शेवटचे पंधरा दिवस दाजींनी पडवीला कुलूप लावलं होतं, कोणालाच आत घेतलं नव्हतं.

कापड बाजूला केलं. पाणघोडी उभी होती. बुटकी, रुंद, मान किंचित मागे वळवलेली, अशी की आता फुसकन श्वास सोडेल. साहेबांनी चष्मा पुसला, भोवती फिरले, टेप लावून वहीशी ताडून पाहिलं. "मास्टरजी," ते म्हणाले, "कमाल है. एक जबड़े से?" मला इतका अभिमान वाटला, की मी हेडमास्तरांकडे मुद्दाम वळून बघितलं.

मग साहेब मागच्या बाजूला गेले आणि थांबले. तिच्या मागच्या पायाशी एक पिल्लू उभं होतं. कुत्र्याएवढं. रंग अजून ओला.

"बच्चे की हड्डी कहाँ मिली?"

"मिली नहीं," दाजी म्हणाले.

"तो ये किस आधार पर?"

दाजी पिल्लाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मीही चक्रावले. सोंडेसाठी हेडमास्तरांशी भांडलेला हा माणूस!

साहेब चांगले होते. समजुतीने म्हणाले, "बच्चा हटा दीजिए. मैं अभी लिख देता हूँ कि रचना सही है. ये रहा, तो पूरी चीज़ कल्पना मानी जाएगी." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. हेडमास्तरांनी खूण केली, शिपाई पिल्लू उचलायला पुढे झाला. दाजींनी पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे," म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "साहेब, मोठीबद्दल जे लिहायचं ते लिहा, नाहीतर नका लिहू. हे माझं आहे."

साहेबांनी टोपण पुन्हा बसवलं. मग पेन खिशाला लावलं, नमस्कार केला आणि गेले. त्यांच्या मागे हेडमास्तर आणि बाकी सगळे.

माझा नुसता संताप झाला. "दोन वर्षं, दाजी! उन्हातान्हात सायकल मारली, माणसं हसली, सगळं सोसलं, आणि ओळ मिळत होती तेव्हा असं? कशासाठी?"

दाजी खाली बसले होते. "लगदा वाळताना तिची मान वळली गं," म्हणाले. "सरळ करायला कापायला हवी होती. पातं घेतलं हातात. पण ती मागे कोणाला तरी बघत होती, शालू. मला कापवेना. आणि मागे तर कोणीच नव्हतं."

ताई बाळंतपणात गेली. बाळ मेलेलंच जन्मलं, असं आम्हाला माहेरच्या गावी कळवलं होतं; माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. इतक्या वर्षांत मी दाजींना सगळ्यावरून बोलले, पण ते कधी विचारलं नाही.

"जिवंत होती," दाजी म्हणाले. "मुलगी. दीड तास होती. बायका तुझ्या ताईजवळ धावपळ करत होत्या, तिला माझ्याजवळ दिलं होतं. सारखं वाटत होतं, हिचं चित्र काढून घ्यावं, हिला कोणीच पाहिलेलं नाही. पेन्सिल खिशातच होती. पण हात मोकळे नव्हते ना."

मला फार रडू आलं. पिल्लाच्या कानाच्या ओल्या रंगावर एक माशी बसली होती. मी वाकून पदराने ती हाकलली आणि तिथेच दाजींच्या शेजारी जमिनीवर बसले.