सासूबाईंच्या हातांचं पॉलिश

सासूबाईंच्या हातांवर निळे डाग पडले होते आणि रविवारी मेहुणा येणार होता. घरावर याहून मोठं संकट दुसरं नव्हतं.

डाग काही मारामारीचे नव्हते. वय झालं, कातडी पातळ झाली. दाराची कडी लागली तरी निळं, भाजीची पिशवी उचलली तरी निळं. डॉक्टर म्हणाले होते, "वयानं होतं. हाताला तेल लावा, लांब बाह्यांचे कपडे घाला." सासूबाई म्हणाल्या, "मला उकडतं." विषय संपला. पण मागच्या खेपेला मेहुण्यानं ते डाग पाहून बहिणीला चांगलंच झापलं होतं. "आईकडे तुमचं लक्ष नाही. पुन्हा असं दिसलं तर मी तिला घेऊन जाणार." त्याचं घर चौथ्या मजल्यावर, नवरा-बायको दोघं नोकरीवर, दिवसभर रिकामं. सासूबाईंना तिथं भिंतींशी गप्पा मारायला जायचं नव्हतं.

जावई फर्निचरला पॉलिश करायचा. धंद्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि धंद्याबाहेरही नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"आई, काळजी सोडा. सुकलेलं लाकूड काय आणि सुकलेली कातडी काय, दोन्ही तेल पितात. रविवारपर्यंत टेबलासारखं चकाचक करतो तुम्हाला."

"माझी आई टेबल आहे का?" बायको कडाडली.

"बरं, कपाट."

त्यानं खोबरेल कोमट केलं, मऊ फडक्याचा बोळा केला आणि पहिला हात मारला. तो मुरला की दुसरा. मग तिसरा. सासूबाई इतक्या गुळगुळीत झाल्या की चहाचा कप हातातून सटकला, त्या तो धरायला गेल्या आणि कोपर दाणकन टेबलावर. नवा डाग. चांगला पुरीएवढा.

"तेल जरा जास्तच झालं," तो म्हणाला, जणू शेजाऱ्यानं येऊन लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोरफडीचा गर आणि मध. गर सुकला, मध काही सुकेना. दुपारी मुंग्या आल्या. सासूबाई तरातरा उठल्या, हात झटकले आणि मनगट कपाटाच्या मुठीवर आपटलं. जावयानं पिशवीतून पॉलिश पेपर काढला. "चिकट थर राहिलाय, वरून अगदी हलका हात—"

"तो कागद आईला लागला ना, तर तुमचं नाक घासून सपाट करीन!"

पेपर गुपचूप पिशवीत गेला. मग हळद आली. निळ्यावर पिवळं बसलं आणि सगळं हिरवंगार झालं.

बायको रडायच्या बेतात. "अहो, आधी निदान माणूस दिसत होती. आता पोपट दिसतेय!"

पण हिरवं म्हटल्यावर जावयाचे डोळे चमकले. हे तर रोजचंच काम! "हिरवट झाक मारायला लाल लागतो. शेड जुळवायची असते, बाईसाहेब." त्यानं बीट किसलं, पिळलं आणि कापसानं थेंब थेंब टिपत गेला. आणि खरंच, डाग गायब! सासूबाई हात उलटेसुलटे करून बघत राहिल्या.

"अगं बाई! लग्नातसुद्धा एवढे छान नव्हते."

रविवारी मेहुणा आला. साठीला टेकलेला, पांढराशुभ्र फुल शर्ट. आधी त्यानं आईचे हात तपासले. पुढून, मागून, खिडकीशी नेऊन. काही सापडेना.

"मानलं तुम्हाला," तो जावयाला म्हणाला, आणि गहिवरून आईचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

तिथंच घोटाळा झाला. शर्टावर दोन केशरी पट्टे उमटले आणि हातांवरचे निळे डाग बाहेर आले.

बायको जमिनीकडे बघायला लागली. जावई मात्र शांत. "शेड अजून ओली आहे, दादा."

मेहुण्यानं शर्टाकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं. मग हळूच कफाचं बटण काढून त्यानं बाही वर सरकवली. कोपरापर्यंत निळंजांभळं.

"मलापण होतं," तो पुटपुटला. "गाडीचं दार लागलं तरी. ऑफिसात विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? म्हणून भर उन्हाळ्यातही फुल शर्ट."

सासूबाईंनी त्याचा हात उजेडात धरला आणि चेहरा कडक केला.

"तुझ्या बायकोचं तुझ्याकडे लक्ष नाही. आजपासून तू इथं राहायचं."

"अगं आई, माझं ऑफिस—"

"गप्प बस. जावईबापू, तेल तापवा."

जावई बोळा घेऊन आधीच उभा होता. त्यानं मेहुण्याच्या हातावरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून नीट पाहिलं आणि मान हलवली.

"लाकूड मूळचं चांगलं आहे, दादा. फार दिवस झाकून ठेवलंत."