दोन सीटची गाडी

१९६३ सालच्या ऑक्टोबरात प्रेस्टन साहेबाने मला विचारलं, "नूरुद्दीन, त्या पेट्या तू घेतोस का?" आणि मी "यस सर" म्हणालो. त्यात विचारपूर्वक निर्णय वगैरे काही नव्हता. मी तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. नऊ वर्षं साहेबांना "यस सर" म्हणून जिभेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं. मला वाटलं, पेट्या एका गोडाऊनमधून दुसऱ्या गोडाऊनमध्ये न्यायच्या असतील.

पेट्यांत मोटार होती. म्हणजे मोटार होण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या वस्तू होत्या, फक्त मोटार नव्हती. लोखंडी पाइपांचा सांगाडा, फायबरग्लासचं अंग, चार चाकं, दोन सीट, आणि नट-बोल्टांनी भरलेले बिस्किटांचे डबे. विलायतेत हौशी लोक अशा गाड्या सुट्या मागवतात आणि घरी जोडतात. साहेबानेही तशीच हौस केली होती. पण त्याची मेमसाहेब कुवेतचा एक उन्हाळा पाहून जी गेली ती परत आली नाही, आणि आता तोही निघाला होता.

"पण सर, एवढी खटपट कशाला? बाजारात तयार गाडी मिळते की," मी विचारलं.

साहेब पेटीवर बसला. "तयार गाडी सगळ्यांसाठी केलेली असते. ही तू स्वतःसाठी करतोस. काय ठेवायचं, काय काढायचं, ते तू ठरवायचं. आणि एक लक्षात ठेव, गाडी पळवायला मोठं इंजिन लागत नाही. तिच्यावरचं वजन उतरवायचं. ती आपोआप पळते."

मी "यस सर" म्हणालो. (कळलं काहीच नव्हतं.)

सालमियात आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट होता आणि मागे भिंतीने बंद केलेलं छोटं अंगण. ट्रकवाल्याने पेट्या तिथे उतरवल्या. माझी बायको खैरुन्निसा दारात येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"मोटार."

"कुठाय?"

"पेटीत."

"कशाला?"

उत्तराची वाट न पाहता ती आत निघून गेली. तरी त्या दिवशी आम्ही पाच वाक्यं बोललो, आणि गेल्या दोन महिन्यांतलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

त्या ऑगस्टात आमची मुलगी गेली होती. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. आमिना नाव ठेवलं होतं. अकरा दिवसांची झाली, ताप आला आणि गेली. दाभोळला खैरुन्निसाची आई होती, बहिणी होत्या, गळ्यात पडून रडायला अख्खी आळी होती. इथे फक्त मी होतो. आणि मी कसा आहे हे वाचकांच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. दुपारी कामावरून घरी यायचो तेव्हा जेवताना ताटाला चमचा लागला तरी दोघंही दचकायचो. अंगणात हातात पाना घेऊन बसलं की निदान गप्प बसायला काही कारण मिळत होतं. लोकांना मी वजनाचं कारण सांगायचो, पण मी ती गाडी जोडायला घेतली ती यासाठी.

जोडायला अर्थात मी नव्हतो, झहूर होता. रत्नागिरीच्या राजिवड्याचा, इथल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. जहराच्या रस्त्यावर उलटलेल्या एका गाडीचं इंजिन त्याने मिळवलं. मी त्याच्या हातात पाने द्यायचो, बहुतेक वेळा चुकीचे. प्रेस्टन साहेबाचं वजनाचं वेड मी त्याला सांगितलं आणि ते त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं. बंपर काढले. हीटर काढला. (कुवेतात हीटर काढताना आम्हाला फार मोठा त्याग केल्यासारखं वाटलं.) पायाखालची चटई काढली. एक दिवस बघतो तर ब्रेकच्या पेडलला ड्रिलने भोकं पाडतोय.

"हे रे कशाला?"

"पन्नास ग्रॅम गेले, नूरभाई." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "आता फक्त तुम्हीच जड राहिलात."

गाडी किती हलकी झाली होती ते जूनमधल्या धुळीच्या वादळाने दाखवून दिलं. गाडीचं पुढचं तोंड रंग वाळवायला मी गच्चीवर ठेवलं होतं आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलं होतं. दोन दिवसांनी हवा स्वच्छ झाली. गच्चीवर दोरी होती. गाडीचं तोंड नव्हतं.

ते मिळालं शेजारच्या अबू यूसुफच्या वाड्यात. अबू यूसुफ म्हणजे म्हातारा खलाशी. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला खेपा केलेल्या, म्हणून हिंदी बोलायचा. त्याने त्या तोंडात पाणी भरलं होतं आणि त्याच्या तीन शेळ्या त्यातून पीत होत्या.

"हा टब तुझा?" त्याने विचारलं.

"टब नाही, मोटारीचं तोंड आहे."

त्याने पाणी ओतून ते एका हाताने उचललं, बोटांनी वाजवलं, नावेची फळी पारखावी तसं उन्हात धरून बघितलं. "हलकी नाव चांगली पळते," तो म्हणाला. "पण वादळात तिच्यात माणसं बसवावी लागतात. नाहीतर ती राहत नाही जागेवर."

मी ते डोक्यावर घेऊन घरी आलो. रस्त्यातली पोरं मागे लागली. खैरुन्निसा खिडकीत होती. मला वाटलं, आता तरी हसेल. तिने खिडकी लावून घेतली.

पण दुसऱ्या दिवशी ती अंगणात आली, दोन सीटपैकी डावीकडच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "पाठीला टोचतंय."

बस, एवढंच. मग तिने जुन्या चादरी काढल्या, घड्या घातल्या, वर जाड निळं कापड घेतलं आणि त्या सीटची गादी शिवायला बसली. रोज दुपारी आम्ही खाली नट पिळायचो आणि ती पायरीवर बसून टाके घालायची. मधूनच विचारायची, "ते काय काढलंत?" झहूर सांगायचा. ती मान हलवायची. एकदा तर म्हणाली, "आरसा राहू द्या. मागचं दिसायला हवं." आम्ही काढलेला आरसा परत लावला.

असे पंधरा दिवस गेले. मग वरच्या मजल्यावरच्या रुकय्याभाभी खाली आल्या. बाई मनाने चांगली. गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण दोनच सीट? उद्या मूलबाळ झालं तर त्याला काय बॉनेटवर बसवणार?"

खैरुन्निसाने सुई गादीत खोचली आणि ती आत गेली. गादी पाच दिवस तशीच पायरीवर पडून राहिली.

या पाच दिवसांत मी विचार केला. (आमच्या घरात जे काही बिघडलंय ते मी विचार केल्यावरच बिघडलंय.) मला वाटलं, दोनच सीटची गाडी घेऊन आपण हिला सांगितल्यासारखंच झालं, की आता आपण दोघंच, पुढे काही नाही. म्हणजे तिसरी सीट केली की झालं.

"नूरभाई, हिच्या मागे सीट बसत नाही," झहूर म्हणाला. "वजन वाढेल. तोलही जाईल."

"जाऊ दे."

"दहा महिने काढतोय आपण, आणि आता घालायचं?"

"घाल म्हटलं ना."

त्याने दोन सीटच्या मागच्या फटीत एक लहानशी सीट वेल्डिंग करून बसवली. मी तिला पांढरा रंग दिला, छोटा पट्टाही लावला. मग खैरुन्निसाला बाहेर बोलावलं आणि एखादं बक्षीस दाखवावं तसा बाजूला झालो.

ती बघत राहिली. "हे कोणासाठी?"

"असू दे. पुढेमागे..."

"पुढेमागे कोण?"

मी झहूरकडे पाहिलं. झहूर हातातल्या पान्याकडे बघत होता.

"आता अकरा महिन्यांची असती," ती म्हणाली. "धरून उभी राहिली असती. इथे बसवली असती तर बसली नसती, माझ्या मांडीवर आली असती." तिने त्या छोट्या पट्ट्याला हात लावला आणि मग रिकाम्या पेटीवर बसून ती रडायला लागली. मुलगी गेली त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. गेल्या अकरा महिन्यांत एकदाही नाही. झहूर हात धुवायला म्हणून गेला तो अर्धा तास आलाच नाही.

मी शेजारी बसलो. आणि नेहमीचंच बोललो. "चुकलं माझं."

"तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरलात."

"तू रडशील म्हणून घेतलं नाही."

"मग रडले असते."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. मुलगी झाल्यावर त्या अकरा दिवसांत ती मला 'आमिनाचे अब्बा' म्हणायची. नंतर नुसतं 'अहो' राहिलं, आणि मग तेही गेलं. आता ती म्हणाली, "आमिनाचे अब्बा, मला तिथं घेऊन चला."

"कबरस्तानात? तिथं बायका..."

"आत नाही येणार. बाहेरून बघेन. तुम्ही तिला घेऊन गेलात तेव्हा मी खिडकीतून फक्त टॅक्सी बघितली."

झहूरने न सांगता ती पांढरी सीट कापून काढली. खैरुन्निसाने गादीचे राहिलेले टाके घातले. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघं निघालो.

ती गाडी खरंच पळाली. जमिनीपासून वीतभर वर बसून, वाऱ्यात डोळे बारीक करून आम्ही चाललो होतो. माझी टोपी पहिल्याच वळणावर गेली. खैरुन्निसाने बुरख्याचं टोक दातांत धरलं होतं आणि हाताने गाडीचा काठ. मी हळू केली तेव्हा ती म्हणाली, "चालू द्या." प्रेस्टन साहेब काय म्हणत होता ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

डांबर संपलं आणि मागचं चाक वाळूत रुतलं. मी उतरलो, ढकललं, पुन्हा ढकललं. दुसरी गाडी असती तर ट्रक शोधायला जावं लागलं असतं. खैरुन्निसा उतरली, बुरखा कमरेला खोचला आणि म्हणाली, "तुम्ही तिकडून धरा." आम्ही दोघांनी चाकाची बाजू उचलली. गाडी वर आली आणि बाजूच्या कडक जमिनीवर टेकली. (खरं सांगायचं तर तिची बाजू वर आली. माझी नंतर आली.)

कबरस्तानाच्या भिंतीशी मी गाडी उभी केली. खैरुन्निसाने समोर पाहिलं. "इथून नुसती भिंत दिसते."

आम्ही इतके खाली बसलो होतो की कमरेएवढी भिंतही डोक्यावरून जात होती. मग तिने चप्पल काढली आणि ती स्वतः शिवलेल्या गादीवर उभी राहिली. वर छप्पर नव्हतं. तिला सगळं दिसलं, त्या टोकापासून या टोकापर्यंत. लोक अशी गाडी का घेतात याची साहेबाने सांगितलेली, झहूरने सांगितलेली सगळी कारणं मला पाठ होती. त्यांत हे नव्हतं.

"कुठली?"

"मी जाऊन उभा राहतो. बघ."

मी आत गेलो. मला वाट विचारावी लागत नव्हती. घरी न सांगता दर शुक्रवारी नमाजानंतर मी तिथे जात होतो. नेहमीच्या कबरीपाशी थांबलो, हात उचलले, आणि नेहमीसारखं डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात राखणदार आला. म्हातारा बलुची. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज सवेरे आ गए, बेटा? तुम्हारे जैसा बेटा सबको मिले. वालिद साहब बहुत खुश होंगे."

"कोणाचे वालिद?" मी मराठीतच विचारलं.

त्याला हिंदीत सांगितलं, माझी अकरा दिवसांची मुलगी आहे इथे. त्याने माझ्याकडे पाहिलं, दगडावरचा आकडा पाहिला, मग मला आपल्या खोलीत नेऊन कबरींची वही उघडली. आमिनाचा नंबर ४१७. मी उभा होतो ४७१ वर. तिथे बसऱ्याचा एक म्हातारा शिंपी होता. नऊ वर्षं कंपनीच्या लाखो नट-बोल्टांचे नंबर मी न चुकता लिहिले होते, आणि हा एकच नंबर उलटा वाचला होता. दफनाच्या दिवशी नंबरची चिठ्ठी हातात आली तेव्हा मला नीट दिसत नव्हतं, कबर कुठे खणली तेही नाही.

४१७ भिंतीच्या अगदी जवळ होती. इतकी जवळ, की मी तिथे जाऊन उभा राहिलो तेव्हा खैरुन्निसा माझ्यापासून दहा पावलांवर होती, भिंतीपलीकडे, सीटवर उभी. तिने दोन्ही हात उचलले. मीही उचलले. फार वेळ आम्ही तसेच होतो. ऊन तापायला लागल्यावर मी परत आलो.

"आधी तिकडे का उभे राहिलात?" तिने विचारलं.

सांगावं लागलं. ती खाली बसली. मी गाडी सुरू केली.

"अकरा महिने?"

"हो."

"रडलातही?"

"दर शुक्रवारी."

तिने आरशातून मागे पाहिलं. "त्याचं इथं कोणी नसेल," ती म्हणाली. "आता एकदम बंद करू नका. वाट बघेल बिचारा."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी दोन्हीकडे जातो. राखणदाराला मी तीन वेळा समजावून सांगितलं, पण त्याच्या लेखी मी अजूनही शिंप्याचाच मुलगा. गेल्या शुक्रवारी त्याने बाही उसवलेला आपला झगा माझ्या हातात दिला, म्हणाला, बापाचा हुन्नर थोडाफार आलाच असेल. मी सवयीने "यस सर" म्हणालो. झगा खैरुन्निसाने शिवला. मी तिला सुईत दोरा ओवून दिला, तोही उलट्या टोकाने.