आत्याबाई आणि मामा एकाच कपाटात

संग्रहालयाचा रखवालदार सहा वर्षं हंगामी होता. साडेअकराला मोठ्या बाई तपासणीला यायच्या होत्या आणि कपाटं नीट दिसली, तर त्याला कायम करणार होत्या. म्हणून त्याने काच तर पुसलीच, पण उत्साहाच्या भरात आतले दोन्ही पेंढा भरलेले प्राणी बाहेर काढून झटकले. त्या झटक्यात पायांखालच्या पाट्या निखळल्या. एकीवर 'मुंगूस', दुसरीवर 'उदमांजर'. आता कोणती कुणाची?

प्राणी काही मदत करेनात. कसरीने दोघांच्या शेपट्या न्यायाने सारख्याच खाल्ल्या होत्या, रंग उडून दोघे पायपुसण्याच्या वळणावर गेले होते आणि डोळे काचेचे, एकाच दुकानातले. भिंतीवरच्या तक्त्यात फरक दिला होता: मुंगूस दिवसा हिंडतं, उदमांजर रात्री. पण हे दोघे गेली चाळीस वर्षं अहोरात्र जागेवरच उभे होते.

सव्वाअकराला त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, मुंगूस कसं ओळखायचं?"

"कुठे शिरलंय?"

"कपाटात. दोन आहेत. म्हणजे एकच आहे, पण कोणतं ते कळत नाही."

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तोंडं कशी आहेत?"

"एकाचं निमुळतं, भोचक. दुसरं आपलं सुस्त."

"मग अडलंय कुठे? दिवसभर घरोघरी नाक खुपसत फिरते ती माझी आत्या, म्हणजे मुंगूस. दिवसभर लोळून रात्री फळांची टोपली रिकामी करतो तो तुमचा मामा. लावा पाट्या."

त्याने लावल्या. गोंद वाळतोय तोवर बाई आल्याच. कपाटासमोर थबकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

"या पाट्या कुणी बदलल्या?"

कायमची नोकरी जिन्यावरून उतरताना त्याला स्पष्ट दिसली. "मीच, बाई."

"चाळीस वर्षं उलट्या होत्या. मी तीन पत्रं लिहिली, कुणी हात लावला नाही. तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"चेहरेपट्टीवरून," तो चाचरत म्हणाला. "घरच्यांशी चर्चा करून."

"घरातच अभ्यास आहे म्हणायचा. उद्यापासून तुम्ही कायम." बाईंनी शेजारच्या पक्ष्यांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "तिथल्या पाट्यांचाही मला भरवसा नाही. सगळ्या काढा आणि अशाच पारखून लावा. शुक्रवारी बघते."

बाईंची पाठ वळताच त्याने पक्षी मोजले आणि फोन उचलला.

"अगं, दोन्हीकडचे धरून आपले नातेवाईक त्रेचाळीस भरतील का?"