विहीणबाईंचा मीटर

दिल्लीच्या हवेला घाबरणारी बाई मी नव्हे! बत्तीस वर्षं झाली इथे येऊन. दिवाळी संपली की समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि मी मात्र रोज सकाळी बागेला चकरा मारून, दूध घेऊन, भाजीवाल्याशी हुज्जत घालून ठणठणीत घरी येते. त्यामुळे पुण्याहून आमच्या विहीणबाईंचा, म्हणजे लतिकाबाईंचा फोन आला, तेव्हा मी मुळीच डगमगले नाही.

"उल्काताई, पेपरात बघितलं मी तुमच्या दिल्लीचं. मी येतेय. देविकाला आणि तनयाला होळीपर्यंत पुण्याला घेऊन जाते."

देविका माझी सून आणि तनया माझी दीड महिन्यांची नात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते देविकाच्या डॉक्टरमुळे दिल्लीत झालं. तो राग लतिकाबाईंच्या मनात होताच. आता हवेचं निमित्त मिळालं! पण होळीपर्यंत? तोवर पोरगी पालथी पडेल, बसायला लागेल, हसून बोळकं दाखवेल, आणि मी ते सगळं फोनच्या स्क्रीनवर बघायचं?

"अहो, आमच्या घरातली हवा बघा तरी आधी," मी म्हटलं. "पुण्याच्या तोंडात मारेल!"

"बघतेच. मीटर घेऊन येते."

आणि खरंच आणला हो! विमानतळावरून घरी आल्या, चपला काढल्या, आणि पाण्याच्या आधी पर्समधून हवा मोजायचा मीटर काढून टेबलावर ठेवला. हिरवा दिवा म्हणजे चांगली हवा, पिवळा म्हणजे बरी, लाल म्हणजे वाईट. मग सगळ्यांसमोर ठरलं. रविवारपर्यंत बाळाच्या खोलीत दिवा हिरवा राहिला तर लेक-नात इथेच. लाल झाला तर रविवारच्या विमानाने पुण्याला. देविकाही म्हणाली, "आई, जिथे हवा बरी तिथे बाळ." तिने 'आई' म्हटलं की आम्ही दोघीही 'हो गं' म्हणतो. या खेपेला फक्त लतिकाबाई म्हणाल्या.

पण मी कच्च्या गुरूची चेली नाही! आमचे हे, गुणवंतराव, रिटायर झाल्यापासून हवामानाचेच झालेत. ते म्हणाले, "उल्का, थंडीत वारा पडला की हवेवर झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेतं जाळल्याचा धूर, सगळं त्या झाकणाखाली अडकतं. बाहेरचं आपण काही करू शकत नाही. आत येऊ द्यायचं नाही, बस."

मग मी घर असं बंद केलं की मुंगीने आत यायलाही बेल वाजवावी! खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. दारांखाली ओले टॉवेल. बाळाच्या खोलीत हवा साफ करायचं मशीन. अगरबत्ती बंद, तळण बंद, आणि फोडणीसुद्धा बंद! गुणवंतराव बिनफोडणीच्या वरणाकडे असे बघत होते, जणू कोणी वारलंय. पण संध्याकाळी मीटरचा आकडा आला बावन्न. हिरवा!

"मीटर बिघडला असेल तुमचा," मी गोड हसून म्हटलं.

लतिकाबाईंनी मीटर आपटून बघितला. त्रेपन्न. मला त्या रात्री काय झोप लागली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी फिरून आले, बाळाच्या खोलीचं दार उघडलं, आणि बघते तर काय! खोलीत धुकं! अहो, खरंखुरं, पांढरं, तरंगणारं! मीटरचा दिवा लालभडक आणि आकडा चारशेच्या वर. मशीन बिचारं घरघर करत होतं. पाळण्यात तनया शांत झोपलेली आणि शेजारी लतिकाबाई हनुवटीला हात लावून बसलेल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "तुमची दिल्ली आत घुसली."

मी तनयाला उचलून बाहेरच्या खोलीत पळाले. तिच्या अंगाला ओव्याचा घमघमाट येत होता, पण बाळंतिणीचं घर म्हटल्यावर दुसरा कसला वास येणार? मी तिकडे लक्षच दिलं नाही. माझं डोकं एकाच गोष्टीवर होतं. हा धूर येतोय कुठून? कोणीतरी माझ्या नातीला माझ्यापासून तोडतंय, आणि त्या माणसाला मी सोडणार नाही!

पहिला नंबर चौकीदाराचा. गेटपाशी वाळकी पानं जाळून शेकत बसला होता. "बुझाओ! अभी के अभी बुझाओ! घर में छोटी बच्ची है!" माझा आवाज ऐकूनच त्याने बादली ओतली.

दुसरा नंबर प्रेसवाल्याचा. कडुनिंबाखाली त्याचं टेबल, आणि कोळशाची इस्त्री.

"भैया, कल से कोयला नहीं जलेगा!"

"आंटीजी, लेकिन कोयला तो आपके घर से..."

"मेरे घर का नाम मत लो!"

"नहीं आंटीजी, वो पूना वाली माताजी..."

"हां हां, उन्हीं को तकलीफ हो रही है! बहाने नहीं चाहिए!"

त्याने मान हलवली आणि इस्त्री पुन्हा फिरवायला घेतली. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांचा गच्चीवरचा तंदूर बंद केला, एका गृहस्थाला उभ्या गाडीचं इंजिन बंद करायला लावलं, आणि नव्या भिंतीचं काम चालू होतं तिथल्या रेतीवर स्वतः उभं राहून पाणी मारून घेतलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीतली माणसं मला बघून काड्यापेटी लपवायला लागली! घरात आकडा हळूहळू खाली आला, पुन्हा हिरवा झाला. जिंकले म्हणा ना!

आणि शनिवारी सकाळी फिरून आले, तर पुन्हा तेच. दार उघडलं, धुकं. सहाशे!

"तिकिटं काढायला सांगते नचिकेतला," लतिकाबाई म्हणाल्या. नचिकेत माझा मुलगा. त्यानेही मान खाली घालून फोन हातात घेतला. आई, बायको आणि सासू यांच्यामध्ये सापडलेला मुलगा फोनच हातात घेतो.

"काढ," मी म्हटलं, "पण त्याच फोनवर आधी प्रदूषणवाल्यांकडे तक्रार टाक. इथे कोणीतरी चोरून काहीतरी जाळतंय. मी पकडून दाखवते, नाहीतर स्वतः बॅग भरून देते पोरीची!" तनयाने नुकतंच माझं बोट घट्ट धरायला सुरुवात केली होती हो.

त्याने दोन्ही केलं. तिकिटं निघाली आणि तक्रारही गेली. आणि नवल म्हणजे, रविवारी सकाळीच दोन तपासणीवाले हजर! हातात आमच्यापेक्षा मोठा मीटर. मी बागेत निघाले होते, तिथूनच त्यांच्या पुढे झाले. मागे चौकीदार, प्रेसवाला, तंदूरवाले शेजारी, अर्धी कॉलनी. मिरवणूकच म्हणा.

गेटपाशी आकडा अडीचशे. "सारे शहर का यही है मॅडम, हवा रुकी है," एक तपासणीवाला म्हणाला. कडुनिंबाखाली तेवढाच. नव्या भिंतीपाशी तेवढाच. मग जिन्यात मीटर हातात धरून तो वर निघाला, तसा आकडा चढायला लागला. पहिल्या मजल्यावर तीनशे. दुसऱ्यावर चारशे. मी आनंदाने ओरडले, "मिला! चोर इसी जिने में है!"

मीटर येऊन थांबला तो आमच्या दारात.

"मॅडम, धुआं तो आपके घर से आ रहा है."

"शक्यच नाही!" मी मराठीतच किंचाळले आणि दार उघडलं. मीटर सरळ बाळाच्या खोलीकडे गेला. दाराखाली मीच लावलेला ओला टॉवेल. मी तो पायाने सरकवला, दार ढकललं...

पाळण्याजवळ मातीची शेगडी. शेगडीत रसरशीत निखारे. निखाऱ्यांवर लतिकाबाई मुठीमुठीने ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकत होत्या, आणि पदराने धूर पाळण्याकडे वळवत होत्या. तपासणीवाल्याचा मीटर नऊशे नव्याण्णववर गेला आणि तिथेच अडकला. त्यापुढे आकडेच नव्हते त्यात!

"लतिकाबाई! हे काय?"

"काय म्हणजे? धुरी! आंघोळीनंतर बाळाला धुरी द्यायची असते. तुमच्या लक्षात नाही म्हणून मीच देते रोज, आणि तुम्ही फिरून येईपर्यंत शेगडी बाल्कनीत नेऊन ठेवते."

"आणि निखारे?"

मागून प्रेसवाला कळवळून म्हणाला, "वही तो बोल रहा था आंटीजी! माताजी रोज सुबह मुझसे अंगारे ले जाती हैं!"

"अहो, पण हा धूर..."

"हा धूर नव्हे, औषध आहे!" लतिकाबाई ठासून म्हणाल्या. मग त्यांची नजर मीटरवर गेली. मग खोलीवर. मग बाळंतिणीच्या मालिशवरून उठून, टॉवेल गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिलेल्या देविकावर.

"आई!" देविका ओरडली. या खेपेला मी 'हो गं' म्हटलं नाही.

शेगडी बाहेर गेली. चिकटपट्टी काढून खिडकी उघडली, आणि अहो आश्चर्य! दोन दिवस ज्याची वाट बघत होतो तो वारा सुटला. गुणवंतराव बाल्कनीत धावले, "झाकण उडालं! झाकण उडालं!" दुपारपर्यंत आकाश निळं झालं, घरातला दिवा हिरवा, बाहेरचा पिवळा. कॉलनीतल्या लोकांना वाटलं, हे सगळं माझ्या मोहिमेमुळेच! चौकीदाराने सलाम ठोकला. सोसायटीच्या अध्यक्षांनी झेंडूचा हार घातला. वाऱ्याचं श्रेय मी घेतलं, का घेऊ नये? संध्याकाळी जिऱ्या-हिंगाची खमंग फोडणी घातली, तनयाला मांडीवर घेतलं आणि विजयी मुद्रेने लतिकाबाईंकडे बघितलं.

"मानलं उल्काताई," त्या मोकळेपणी म्हणाल्या. "हवा चांगली आहे तुमच्या घरची. माझंच चुकलं."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! तेवढ्यात नचिकेत म्हणाला, "आई, तिकिटं रद्द केली. दोन्ही."

"दोन्ही? देविकाचं ठीक आहे. दुसरं कोणाचं?"

"माझं," लतिकाबाई म्हणाल्या आणि बॅगेतून साड्या काढून माझ्या कपाटात लावायला लागल्या. "इतकी चांगली हवा सोडून पुण्याला कोण जातंय? आता होळीपर्यंत इथेच!"