साळूला कॉटवरची नोकरी लागते

एका जंगलात, जिथे पानगळ वेळेवर व्हायची पण परीक्षांचे निकाल उशिरा लागायचे, साळू नावाची एक साळिंदर राहायची.

साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. नाही, चावत नाही. निदान या गोष्टीत तरी नाही.

तर साळू नर्सिंग पास झाली. चांगली पास झाली. तिला बीपी बघता येई, सलाईन लावता येई, पट्टी बांधता येई. पेशंट कॉटवर झोपलेला असतानाच त्याच्याखालची चादर बदलता येई. बाळांनो, तुम्ही झोपलेले असताना तुमच्याखालची चादर बदलणं मला अजून जमत नाही, म्हणून मला तिचं फार कौतुक आहे.

निकाल लागला त्या संध्याकाळी सगळं जंगल पेढे खायला आलं. पेढे खाऊन झाल्यावर प्रत्येकाने जीभ बाहेर काढली.

"बघ गं साळू, पांढरी दिसते का?"

साळूने सगळ्यांच्या जिभा बघितल्या. सगळ्यांवर पेढाच होता.

आता फक्त नोकरी मिळवायची राहिली होती. जंगलात रुग्णालय एकच, पाणवठा मल्टिस्पेशालिटी. तिथल्या मेट्रनबाई म्हणजे एक हत्तीण होत्या. त्यांनी साळूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साळू बुटकी असल्यामुळे ते लगेच संपलं.

"सुया घरच्या आहेत म्हणून नोकरी मिळेल असं समजू नकोस," मेट्रनबाई म्हणाल्या. "अनुभव?"

"नाही मॅडम. हीच पहिली नोकरी."

"मग नाही घेता येत."

"अनुभव कुठे मिळतो मॅडम?"

"रुग्णालयात."

"मग मी इथेच..."

"अनुभव नसताना? अगं, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे!"

साळूने वॉर्डात डोकावून पाहिलं. वॉर्डात एकही पेशंट नव्हता. एका कॉटवर मेट्रनबाईंचे पापड वाळत होते.

तेवढ्यात ट्रस्टी कोल्हेसाहेब धावत आले. राजधानीतून तपासणी येणार होती. तपासणीला कॉट भरलेल्या दिसल्या नाहीत, तर रुग्णालयाची मान्यता जाते. म्हणून कोल्हेसाहेब दर तपासणीला त्या दिवसापुरते पेशंट गोळा करायचे. धडधाकट, स्वच्छ आणि सांगितलं तेवढंच बोलणारे.

"नर्सची जागा नाही," ते साळूला म्हणाले. "पेशंटची आहे. अनुभवाची अट नाही, जेवण आमचं. नीट पडून राहिलीस तर पुढे नर्सचं बघू. पण तपासणी चालू असताना उठलीस, तर या रुग्णालयात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

साळूने घरी सांगितलं. आई उखडलीच.

"एवढं शिकलीस ती झोपा काढायला?"

"आई, एकदा आत शिरले की..."

"आत शिरलेल्यांचं काय होतं, ते मी बघितलंय!"

तरी सकाळी आईने डबा दिला. "हॉस्पिटलातलं जेवू नकोस," ती म्हणाली. "आजारी पडशील."

साळू कॉटवर पडली. गादी जागोजागी फाटली आणि कापूस वर आला. शेजारच्या कॉटवर बंडू नावाचं माकड होतं. ते दर तपासणीला पेशंट व्हायचं, त्यामुळे स्वतःला फार सीनियर समजायचं.

"नवीन ना? जास्त कण्हू नकोस," बंडू म्हणाला. "नवीन लोक उगाच कण्हतात. साहेबांना संशय येतो."

वॉर्डात नर्सही होती. ती कोल्हेसाहेबांची मेव्हणी. अनुभव? चिक्कार. प्रत्येक तपासणीला तीच नर्स असायची. तिने बंडूच्या शेपटीला फ्रॅक्चर झाल्याचं ठरवलं आणि पट्टी बांधली. फोटोत छान दिसावी म्हणून करकचून बांधली, वर फुलासारखी गाठ मारली.

मग तपासनीस आले. ते गेंडा होते. सगळे पेशंट एका सुरात म्हणाले, "बरं वाटतंय साहेब, इथे फार काळजी घेतात."

"साळू," बंडू हळूच म्हणाला, "मला शेपटी जाणवतच नाहीये गं."

"छान करतोस अभिनय."

"अभिनय नाही, माझे आई! बघ तरी!"

साळूने मान वळवली. शेपटीचं टोक निळं पडलं होतं.

बाळांनो, आता विचार करा. उठावं तर नोकरी जाते. पडून राहावं तर बंडूची शेपटी जाते. दारात कोल्हेसाहेब उभे होते आणि डोळ्यांनीच 'झोप, झोप' म्हणत होते. मी असते तर काय केलं असतं? मी बहुतेक चादर डोक्यावरून ओढून घेतली असती. म्हणून मी गोष्टी सांगते आणि साळू गोष्टीत असते.

साळू उठली.

तिने पट्टी सोडली, शेपटी चोळली, टोक पुन्हा गुलाबी होईपर्यंत थांबली. तोवर ठीक होतं. पण एकदा उठल्यावर तिला राहवेना. तिने अस्वलाची उशी नीट केली. सशाचं तापमान बघितलं. "सिस्टर, हात धुतलेत का?" असं मेव्हणीला ओरडून विचारलं. तशीच ओळीने पुढे सरकत ती गेंडेसाहेबांपर्यंत पोचली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचंही बीपी बघितलं.

"साहेब, मीठ कमी करा. लोणचं तर बंदच."

कोल्हेसाहेब भिंतीला टेकले.

"ही... पेशंट आहे?" गेंडेसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब," कोल्हेसाहेब कसेबसे म्हणाले.

"हिला झालंय काय?"

"अंगावर काटा येतो साहेब," मेट्रनबाई घाईघाईने म्हणाल्या. "आला की जातच नाही."

गेंडेसाहेबांनी खूप वेळ विचार केला. गेंड्यांना लागतो. मग ते उठून उभे राहिले.

"इतर रुग्णालयांत नर्स पेशंटची सेवा करतात," ते भरल्या आवाजात म्हणाले. "इथले पेशंट इतके सुधारतात की तेच सेवा करतात! हे आदर्श रुग्णालय आहे. इथे नर्सची गरजच नाही. आजपासून नर्सच्या सगळ्या जागा रद्द!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल्हेसाहेबांनी आनंदाने साळूला मिठी मारली आणि मग बराच वेळ काटे उपटत बसले.

"साळू, नर्सच्या जागा गेल्या, त्याला माझा इलाज नाही," ते काटे उपटता उपटता म्हणाले. "पण तुला मी सोडणार नाही. तू आमची कायमची पेशंट!"

तेव्हापासून साळू पाणवठा मल्टिस्पेशालिटीत पेशंट आहे. तिथे आता खरे आजारी प्राणीही येतात. साळू सकाळी उठते, सगळ्यांची औषधं देते, पट्ट्या बदलते, नातेवाइकांना बाहेर काढते. साहेबलोक फेरीला आले की कॉटवर पडून कण्हते. बेताने कण्हते. बंडूने शिकवलंय.

परवा पाणवठ्यावर हरिणीने साळूच्या आईला विचारलं, "हल्ली साळू दिसत नाही?"

"हॉस्पिटलात असते ती."

"अगं बाई! बरी आहे ना?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," साळूची आई म्हणाली. "बरी झाली तर घरी पाठवतील!"

तात्पर्य : आजारी पडायचंच असेल, तर आधी नर्सिंगचा कोर्स पूर्ण करावा. रुग्णालयात कोणीतरी शिकलेलं असलेलं बरं.