वाईट विशेषणं ॲडव्हान्सला

कोणत्याही भाषेत माणूस अडचणीत येतो तो क्रियापदामुळे. विशेषणामुळे कोणावर खटला भरल्याची नोंद नाही. हे सत्य मंचरच्या कुंडलिक सरांना 'स्पोकन इंग्लिश'चे वर्ग घेता घेता सापडलं आणि २००१ सालच्या चैत्रात ते त्यांनी तळेघरच्या बाजूच्या, ओढ्यापलीकडच्या एका वस्तीला मोफत वाटलं.

झालं होतं असं, की एक परदेशी संस्था पावसाआधी त्या भागात एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा पूल, बांधून देणार होती. एकच. तीन वस्त्या पाहायच्या, लोकांशी थेट बोलायचं आणि गरज जास्त तिथे साकव, असं पत्र आलं. अंगणवाडीच्या लंकाबाईंनी ते तीनदा वाचलं. पावसाळाभर वस्ती आणि दवाखाना यांच्यामध्ये तो ओढा आडवा पडायचा, आणि त्यांच्या सुनेचे, स्नेहाचे, दिवस भरत होते ऐन श्रावणात.

'थेट' या शब्दाने सरपंच सावळेराम यांची झोप उडाली. थेट म्हणजे इंग्रजीतच. त्यांनी सरांना बोलावणं धाडलं.

पाहुणे यायला उरलेल्या दहा दिवसांत इंग्रजी येत नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं (बारा वर्षांच्या स्वानुभवाने). पण रोजच्या इंग्रजीचा अभ्यास करता त्यांना असं आढळलं होतं, की इंग्रज माणूस हवा, चहा, जावई आणि बारसं या सगळ्यांना एकच विशेषण लावतो आणि समोरच्याचं समाधान होतं. मग क्रियापदाच्या वाटेला जायचंच कशाला? एकतीस माणसांत चौदा विशेषणं वाटण्यात आली. दरडोई प्रमाण अर्ध्याहूनही कमी पडत असल्याने वाटप हुद्द्याप्रमाणे झालं. सरपंचांना 'एक्सलंट' आणि 'वंडरफुल'. ग्रामसेवकांना 'व्हेरी गुड' (हे दोन शब्द आहेत, ही हरकत नोंदवून फेटाळण्यात आली). भजनी मंडळाला 'ब्यूटिफुल', तेही एका सुरात. बचत गटाच्या बायकांना, म्हणजे लंकाबाईंनाही, 'नाइस'. ज्यांच्या जिभेला काहीच वळण लागेना, त्यांना सरसकट 'फाइन'. म्हाताऱ्या भागूबाबांना 'डिलिशस' मिळालं. ते त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला वापरू दिलं नाही.

आठव्या दिवशी लंकाबाई उभ्या राहिल्या.

"सर, वढ्याला वंगाळ म्हनायचं तर काय म्हनायचं?"

"बाई, वाईट विशेषणं ॲडव्हान्स कोर्सला असतात. हा बेसिक आहे."

"पर आमाला तेच सांगायचंय न्हवं!"

"आधी चांगलं बोलायला शिका. वाईट काय, आपोआप येतं."

वर्गाने माना डोलावल्या. वाक्य इतकं बरोबर वाटत होतं की त्यात चुकतंय काय, ते कोणालाच सांगता येईना. लंकाबाई खाली बसल्या.

पाहुणे आले. सोबत पुण्याचे एक साहेब होते. त्यांनी दुभाषा व्हायची तयारी दाखवली. सर म्हणाले, "गरज नाही. आमची वस्ती बोलते."

ओढा कसा आहे, असं पाहुण्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"ब्यूटिफुल!" भजनी मंडळ.

पावसात पलीकडे जायला कसं पडतं?

"वंडरफुल," सरपंच म्हणाले.

आजारी माणसांचं काय?

"फाइन," सतरा जण.

आजोबांचं काय म्हणणं? भागूबाबांनी ओढ्याकडे काठी रोखली आणि म्हणाले, "डिलिशस." पाण्याची चव टिपून घेण्यात आली.

लंकाबाईंना राहवेना. त्यांनी स्नेहाला हाताला धरून पुढे आणलं. तिच्या पोटाकडे बोट केलं, ओढ्याकडे केलं, मग हात आडवा करून स्वतःच्या गळ्याला लावला. पाणी इथवर येतं, हे सांगायला इंग्रजी लागत नाही. पाहुण्या बाईंचं पेन थांबलं. त्या घटकेला साकव जवळजवळ बांधून झाला होता.

बाईंनी पुढे वाकून मायेने विचारलं, "आर यू ओके?"

आणि दहा दिवसांची घोकंपट्टी लंकाबाईंच्या तोंडून निसटली, "नाइस."

"करेक्ट!" सरांनी मागून टाळी वाजवली.

वैशाखात अहवाल आला. वस्ती समाधानी आहे. ओढा सुंदर, पाणी चविष्ट. गर्भवती स्त्रियांना गळ्याइतक्या पाण्यात पोहण्याची आवड. साकव दुसऱ्या वस्तीला गेला (तिथे वर्ग झाला नव्हता, त्यामुळे लोक सरळ मराठीत रडले). या वस्तीला मात्र निसर्गप्रेमाबद्दल ओढ्याच्या काठावर बसायला एक लाकडी बाकडं मिळालं. त्यावर पितळी पट्टी होती, 'नाइस व्ह्यू'.

श्रावणात एका दुपारी स्नेहाला कळा सुरू झाल्या. ओढा दुथडी भरून चालला होता. चौघा गड्यांनी बाकडं उपटलं, स्नेहाला त्यावर निजवून डोक्यावर घेतलं आणि ते पाण्यात उतरले. लंकाबाई बाकड्याला धरून मागे. पाणी बरोबर तिथवर आलं, जिथे त्यांनी चैत्रात हात लावून दाखवला होता. त्या भीतीने मोठमोठ्याने रडत होत्या आणि ओढ्याला ज्या शिव्या देत होत्या, त्या कुठल्याच कोर्सला नव्हत्या. बाकडं काही बुडालं नाही. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली, सुखरूप.

चिंब भिजून कुडकुडणाऱ्या लंकाबाईंना डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "काय मावशी, बरं चाललंय ना?"

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुंडलिक सरांना एकट्याला दोष देता येत नाही. मराठीचा बेसिक कोर्सही हाच आहे. ॲडव्हान्सला त्या वर्षी एकही नाव आलं नाही, पुढेही नाही. आता वाचकहो, तुम्ही हसलात, त्याला हरकत नाही. पण आज सकाळी तुम्हाला कोणी तरी "कसं काय?" विचारलं असेलच. तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, आणि तुम्ही काय म्हणालात?