नानांचा दोर

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बुडून बसतात, हे मला त्यांच्याकडचा चहा पिऊन झाल्यावर कळलं.

"ती टाकी निराळी शे, भाऊ," माझा चेहरा बघून नानांनी समजूत घातली. "पिण्याची खाली. वरची नुसती धुण्याभांड्याची." चहाचा कप कुठल्या पाण्याने धुतला असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आमच्या गच्चीवर जाऊन पाहिलं. पलीकडे नानांची सिमेंटची चौकोनी टाकी, झाकण बाजूला काढलेलं आणि पाण्यातून वर आलेली एक पिवळी नळी. नळी फुरफुरत होती. थोड्या वेळाने नळीखालून काचेचा चष्मा, चष्म्याखालून मिशा आणि मिशांखालून नाना असे क्रमाक्रमाने वर आले. खाली त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, धुणं काढलं की टाकीतलं पाणी उतरायचं आणि नाना उघडे पडायचे. मग ते तिथूनच ओरडायचे, "नळ बंद कर!" ते ऐकून पिंप्राळ्यातली अर्धी कॉलनी आपापले नळ बंद करायची. अक्कांना मात्र ऐकू जायचं नाही.

नानांचं जळगावात बोअरच्या मोटारींचं दुकान आहे. मूळ गाव सोनगीरकडे, त्यामुळे ते गिऱ्हाइकाशी मराठी बोलतात आणि रुसलेल्या मोटारीशी अहिराणी. जन्मभर मोटारी जमिनीखाली सोडल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट खोलीवरच मोजता येते. "कितला फुटवर?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. म्हणजे किती फुटांवर. कोणाच्या मुलीचं लग्न जमत आलंय म्हटलं की, "कितला फुटवर?" माझी साखर वाढली तेव्हाही त्यांनी अगदी काळजीने हेच विचारलं.

दुसरा हट्ट दोराचा. दोर बांधल्याशिवाय नाना पाण्यात काहीही सोडत नाहीत. पाइप तुटला तर मोटार दोरावर वर ओढता येते, दोर नसेल तर ती गेलीच, हे त्यांचं साधं तत्त्वज्ञान. एका वर्षी विसर्जनाला त्यांनी गणपतीलाही दोर बांधायला काढला होता. कॉलनीने त्यांना कसंबसं आवरलं.

आता अक्का. एके काळी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला सगळ्यांत मोठा आवाज अक्कांचा असायचा. मग त्यांच्या कानाची नस कमजोर होत गेली. मशीन आणलं, तर त्यातून मिक्सर ऐकू यायचा, कुत्री ऐकू यायची, माणसं नाहीत. बायका हसत असायच्या, अक्का विचारायच्या, "काय?" आणि कोणी तरी हात हलवून म्हणायचं, "काही नाही, जाऊ द्या." असं होता होता अक्का बोलावणं आलं तरी येईनात. घरातही त्यांचं बोलणं कामापुरतं राहिलं.

अशात एके दिवशी नानांनी जाहीर केलं की ते अंदमानला जाणार आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारणार. एकटे नाहीत, अक्काही. "इतक्या मोटारी खाली सोडल्या, आता सोता उतरी देखस," असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. डॉक्टरांनी दोघांनाही हरकत नाही म्हणून सांगितलं. अक्कांची हरकत होती. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "मी येस, पन पानीमा उतरस नही."

नानांनी तो निकाल ऐकला आणि टाकीतला सराव वाढवला.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांनी, हे त्यांनी मोबाइलवर बघून पाठ केलं. बोटांचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. पंजा डुगडुगवला म्हणजे काही तरी बिघडलंय. अंगठा वर म्हणजे वर चला. मी सवयीने अंगठा दाखवला की ते चिडायचे, "वर कशाला? आत्ता तर आलास!" भाजीवाल्याशी ते खुणांनीच घासाघीस करू लागले. तो बिचारा कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घ्यायचा. कानातला दाब काढायला नाक दाबून फुंकायचं असतं. ते नानांनी एका तेराव्याला केलं. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं, हुंदका आवरत नाहीये. ते बराच वेळ नानांची पाठ चोळत बसले.

थंडीत धरणगावजवळ एका मित्राच्या शेतात आमच्या कॉलनीची भरीत पार्टी असते. वांगी भाजावीत तर अक्कांनीच, एवढ्या सबबीवर नानांनी त्यांना तिथे आणलं. कपाशीच्या वाळल्या काट्या पेटल्या, वांगी जाळात गेली आणि नानांनी फर्मान काढलं, "जेवण होईस्तोवर जो तोंड उघडेल, त्याला भरीत नाही. बठ्ठं हातांनी!" म्हणजे सगळं हातांनी. लोकांनी कपाळाला हात लावला, पण भरताचा वास सुटला होता. मला मिरची कमी हवी होती. मी हातांनी तसं सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी मिरची आली. अक्का मात्र सुटल्याच. कोण कसं खातं, कोण कसं घोरतं, कॉलनीचे अध्यक्ष पोट सावरत कसे चालतात, सगळं त्यांनी हातांनी करून दाखवलं. माणसं तोंड दाबून हसत होती आणि कोणालाच काही समजावून सांगावं लागत नव्हतं. भरीत झकास जमल्यामुळे अक्का खुशीत असतील, असं मला तेव्हा वाटलं.

फेब्रुवारीत आम्ही चौघं निघालो. नाना, अक्का, मी आणि माझी बायको सुनंदा. मला पाण्याची भीती वाटते, म्हणून मी निघायच्या आठवडाभर आधीपासूनच सर्दी झाल्याचं सांगायला सुरुवात केली होती. बेटावर निळा समुद्र, पांढरी वाळू, वाकलेले नारळ, फोटोत असतं ते सगळं होतं. नाना त्या वाळूवर बनियन-पायजम्यात बसून, घरून नेलेली कळण्याची भाकरी शेवेबरोबर खात होते. दोन परदेशी बायकांनी त्यांचा फोटोही काढला.

बोटीवरचे बुडी शिकवणारे मास्तर हिंदी बोलणारे, गंभीर गृहस्थ होते. नानांनी आधी मुद्द्याचं विचारलं, "कितला फूट?"

"तीस फीट."

नाना हसत सुटले. "तीस? आमच्याकडे तीस फुटांवर माती बी ओली व्हत नही!" मग त्यांनी पिशवीतून दुकानातल्या पिवळ्या नायलॉन दोराचं भेंडोळं काढलं आणि अक्कांकडे बोट दाखवलं. "इनको ये बांधो."

मास्तर म्हणाले, दोर चालणार नाही, खाली अडकतो. यांचा हात ते स्वतः धरतील.

"हात सुटस," नाना मला म्हणाले. "दोर सुटस नही." पण अक्का मुळात उतरणारच नव्हत्या, म्हणून तो वाद तिथेच थांबला आणि आधी नाना उतरले.

आणि थोड्याच वेळात वर आले. कान दुखत होता. नाक दाबून फुंकलं, पुन्हा गेले, पुन्हा वर. घरची टाकी जेमतेम चार फुटांची, त्यामुळे चार फुटांच्या पुढचा अभ्यास झालेलाच नव्हता. मास्तरांनी मान हलवली, आज नाही. त्या घट्ट काळ्या रबरी कपड्यात नाना बोटीवर येऊन बसले ते थेट जाळातून काढलेल्या वांग्यासारखे दिसत होते. मला हसू आलं होतं, पण त्यांचे डोळे बघितले आणि मी समुद्राकडे तोंड फिरवलं.

नाना अक्कांसमोर जाऊन बसले. एक बोट अक्कांकडे केलं, अंगठा खाली केला, मग बोटांचं वर्तुळ. तू जा. काही होत नाही. अक्कांनी मान हलवली. नानांनी पुन्हा तेच केलं. या वेळी वर्तुळ केलेला हात त्यांनी तसाच समोर धरून ठेवला. अक्कांनी त्या हाताकडे बघितलं.

"सुनंदा," त्या एकदम म्हणाल्या, "ते काळं पोलकं आन इकडे."

मास्तरांचा हात धरून अक्का पाण्याखाली गेल्या. बुडबुडे दिसत होते, मग तेही लांब गेले. नाना बोटीच्या कडेला बसले. दोराचं एक टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं आणि दुसरं टोक पाण्यात सोडलं होतं.

"नाना," मी चेष्टेने म्हटलं, "दुसऱ्या टोकाला काहीच नाही."

"माहीत शे." त्यांनी मूठ सैल केली नाही. थोड्या वेळाने पाण्याकडे बघतच म्हणाले, "वर ती एकटी बहिरी शे, भाऊ. तठे खाली बठ्ठा बहिरा शेतस. तठे तिले कोनी 'काही नाही, जाऊ द्या' म्हनस नही."

एवढ्यासाठी हा माणूस महिनोन्‌महिने धुण्याच्या टाकीत बुडून बसला होता. मी माझी खोटी सर्दी खरी असल्यासारखं नाक ओढलं.

अक्का वर आल्या. तोंडातली नळी निघाली आणि त्यांचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना. भरताच्या वांग्याएवढा हिरवा मासा, तो दगड कसा करकरा खातो, मास्तर काय विचारत होते, आपण काय उत्तर दिलं. खाली गुजरातची वाटणारी एक बाई भेटली, तिच्याशी गप्पासुद्धा झाल्या. खाली, पाण्यात, गप्पा!

नाना पुढे वाकून ऐकायला धडपडत होते, पण त्यांचे दोन्ही कान गच्च बंद होते. कानावर थापा मारत त्यांनी विचारलं, "काय? काय म्हने?"

अक्का बोलायच्या थांबल्या. नवऱ्याकडे नीट बघितलं आणि हात हलवून म्हणाल्या, "काही नही. जाऊ द्या."

मग अक्का हसल्या, हळदीकुंकवातल्या त्या जुन्या मोठ्या आवाजात. नानांना तो आवाज ऐकू आला असेल-नसेल, पण तेही डोळे पुसत हसायला लागले. अक्का त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या मुठीतला ओला दोर सोडवून बाजूला ठेवला आणि सगळी हकिगत हातांनी पहिल्यापासून सांगायला घेतली. सुरुवात कुठून करायची, हे त्यांना ठाऊक होतं. आधी त्यांनी बोटं मोजून दाखवलं, कितला फुटवर.